मोठ्या वॉरबर्डचा तोल आणि ट्रिम: आधी वजनकाटा, मग ट्रान्समीटर

ढगातलामस्टँग

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं ट्रेनर आणि स्पोर्ट मॉडेलं उडवल्यावर पहिलंच मोठं वॉरबर्ड (जुन्या लढाऊ विमानाचं रेडिओवर चालणारं मॉडेल) हाती आलंय. पी-५१डी मस्टँग, एक-पंचमांश स्केल, स्पॅन (पंखांची टोकापासून टोकापर्यंत लांबी) ८८ इंच, ६० सीसी पेट्रोल इंजिन, हवेवर चालणारे रिट्रॅक्ट (आत घेता येणारी चाकं). वापरलेलं घेतलं आहे. बांधणी सुबक, रंगकाम तर बघत राहावं असं. उडतंही, पण सुखाने नाही.

सरळ उडायला एलेव्हेटरला (शेपटीचा आडवा हलता भाग, नाक वरखाली करणारा) बराच अप ट्रिम (स्टिक सोडली तरी कायम राहणारी दुरुस्ती) लागतो. थ्रॉटल पूर्ण उघडला की नाक वर काढतं, कमी केला की बसतं. डावा एलरॉन (पंखाच्या टोकाकडचा हलता भाग) ट्रिमही द्यावा लागतो. लूप (हवेत उभी गोल फेरी) मारला की उजवीकडे सरकून बाहेर येतं. लँडिंगला वेग कमी झाला, फ्लॅप (पंखाच्या मुळाकडचे खाली उतरणारे भाग) उतरवले, की उजवा पंख टाकतं. टेकऑफला डावीकडे ओढतं ते वेगळंच.

मैदानावर विचारलं तर एकच उत्तर मिळतं: "वॉरबर्ड आहे, असंच असतं." खरंच असंच असतं का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

निम्माथ्रॉटल

अभिनंदन! फोटो टाका आधी.

थ्रॉटल उघडल्यावर चढतंय म्हणजे डाऊनथ्रस्ट (इंजिनाचा खाली झुकवलेला कोन) कमी आहे. इंजिनाच्या वरच्या दोन बोल्टांमागे वॉशर घाला, काम फत्ते. बाकीचं ट्रिमने होईल.

शेपटीचाक

निम्माथ्रॉटल, थांबा जरा. वॉशर इतक्यात नको.

मूळ प्रश्नाचं उत्तर: नाही, असंच नसतं. मोठं वॉरबर्ड नीट तोललेलं असेल तर लहानापेक्षा शांत उडतं. पण बहुतेकजण शेवटाकडून सुरुवात करतात. आधी ट्रान्समीटरमधला ट्रिम, मग मिक्स (एका हालचालीला दुसरी आपोआप जोडणं), मग जायरो (विमान आपोआप सावरणारं उपकरण), आणि काहीच जमलं नाही की वजन बघायचं. क्रम नेमका उलटा हवा. वर लिहिलेल्या सहा तक्रारींपैकी निदान चार एकाच ठिकाणाहून येत असाव्यात, असा माझा अंदाज आहे.

आता डाऊनथ्रस्टचं. नाक जड असलं की सरळ उडण्यासाठी अप ट्रिम द्यावा लागतो. तो एका ठरावीक वेगालाच पुरतो. थ्रॉटल उघडला, वेग वाढला, की त्याच अप ट्रिमचा जोर वाढतो आणि विमान चढतं. इंजिनाच्या रेषेचा इथे काही संबंध असेलच असं नाही. फरक ओळखायला सोपी चाचणी आहे. पुरेशा उंचीवर सरळ उडताना थ्रॉटल झटकन बंद करा. नाक त्याच क्षणी वरखाली झालं तर थ्रस्ट लाइनकडे (इंजिनाच्या ओढीची रेषा) बघा. वेग उतरत जाईल तसं हळूहळू झालं तर सीजी (विमानाचा तोलाचा बिंदू) आणि इन्सिडन्स (पंख आणि शेपटी बसवल्याचा कोन) बघा. तुम्ही "बसतं" असं लिहिलंय. झटकन की सावकाश?

ढगातलामस्टँग

सावकाश. दोन-तीन सेकंद जातात.

शेपटीचाक

मग वजनकाटा काढा.

या आकाराचं विमान पंखाखाली दोन बोटं ठेवून तोलायचं नसतं. बोटं दुखतात, विमान घसरतं, आणि सेंटिमीटरभर चूक सहज होते. चाकांखाली काटे ठेवून मोजा. एकच काटा असेल तर बाकीच्या चाकांखाली तेवढ्याच उंचीच्या फळ्या ठेवून आळीपाळीने मोजलं तरी चालतं. शेपटीचं चाक स्टुलावर घेऊन विमान उडतानाच्या स्थितीत सपाट करा. स्टॅबिलायझरवर (शेपटीचा आडवा स्थिर पंख) लेव्हल ठेवून बघा. टाकी रिकामी, सगळ्या बॅटऱ्या जागेवर, काऊल (इंजिनावरचं झाकण), कॅनोपी, प्रोपेलर आणि पायलटचा पुतळासुद्धा. (पुतळा विसरतात लोक. या स्केलला तो हलका नसतो.) खोलीतला पंखा बंद.

मग ओळंबा सोडून जमिनीवर तीन खुणा करा: पंखाची पुढची कड, पुढच्या चाकांचा आस, शेपटीच्या चाकाचा आस. हिशोब एका ओळीचा आहे. शेपटीच्या काट्यावरचं वजन गुणिले दोन्ही आसांमधलं अंतर, भागिले एकूण वजन. जे उत्तर येईल तितका सीजी पुढच्या आसाच्या मागे.

मस्टँगची एक गंमत आहे. डी मॉडेलच्या पंखाची पुढची कड मुळापाशी फ्यूजलाजजवळ (विमानाचं धड) पुढे वाकलेली असते. तिथून माप घेतलं की सगळं गणित पुढे सरकतं. बाहेरच्या सरळ भागाच्या कडेला दोरा लावा, तो फ्यूजलाजपर्यंत ताणून आणा आणि तिथून मोजा. मुळाशी आणि टोकाशी कॉर्ड (पंखाची पुढून मागे रुंदी) किती आहे तेही कळवा.

कोरडीटाकी

टाकी रिकामी ठेवून, हे अधोरेखित करतो. ७०० मिलि पेट्रोल म्हणजे साधारण ५२० ग्रॅम. टाकी सीजीच्या २० सेंमी पुढे असेल तर बारा किलोच्या विमानात सीजी आठ-नऊ मिमी हलतो. म्हणजे भरलेल्या टाकीने तोललेलं विमान उतरताना शेपटीकडे जड झालेलं असतं, आणि नेमकं तेव्हाच ते मंद उडत असतं.

अवांतर: खऱ्या मस्टँगमध्ये हे उलटं होतं. वैमानिकाच्या मागे ८५ गॅलनची टाकी बसवल्यावर ती भरलेली असताना सीजी फार मागे जायचा. म्हणून त्या टाकीतलं बरंचसं इंधन आधी जाळून टाकत, मगच झुंजीला तयार.

बाल्साभुगा

रिट्रॅक्ट आत घेऊनही एकदा बघा. मस्टँगमध्ये चाकं आतल्या बाजूला दुमडतात, त्यामुळे फारसा फरक पडत नाही. कोर्सेअर, पी-४० किंवा हेलकॅटचे पाय मात्र मागे जातात आणि सीजीही बरोबर मागे जातो. माझ्याकडे कोर्सेअर आहे. त्याला चाकं आत असतानाच तोलतो. चाकं खाली आली की थोडं नाक जड होतं, ते परवडतं.

ढगातलामस्टँग

मोजलं. घरच्यांना स्टूल धरायला लावलं होतं, त्यांचं मत इथे लिहीत नाही.

उजवं चाक ५.३६ किलो, डावं ५.०८, शेपटी १.१६. एकूण ११.६. आसांमधलं अंतर १००० मिमी. पुढच्या चाकांचा आस पंखाच्या कडेच्या (दोरा ताणून, सांगितल्याप्रमाणे) २० मिमी मागे. म्हणजे सीजी आसाच्या १०० मिमी मागे, कडेपासून १२० मिमी. बरोबर?

कॉर्ड मध्यरेषेवर ५००, टोकाला २५०. पुढची कड टोकापर्यंत ७५ मिमी मागे जाते.

उलटीभरारी

बरोबर. पुढचं मी करते, शेपटीचाक काका तपासतील.

सरासरी कॉर्ड म्हणजे एमएसी. ५०० अधिक २५० म्हणजे ७५०. त्यातून दोन्हींचा गुणाकार भागिले बेरीज, म्हणजे १६७ वजा. उरले ५८३, त्याचे दोन-तृतीयांश ३८९ मिमी. ही कॉर्ड मध्यापासून सुमारे ४९७ मिमीवर पडते आणि तिथे पुढची कड ३३ मिमी मागे गेलेली असते. अशा पंखाला सीजी या कॉर्डच्या पुढून २५ ते २८ टक्के ही सुरुवातीची सुरक्षित जागा. २७ टक्के धरले तर १०५, अधिक ३३, म्हणजे कडेपासून १३८ मिमी.

तुमचा १२० वर आहे. म्हणजे २२ टक्के. टोकाचं नाही, पण नाक नक्की जड. काऊलमध्ये कुठे शिसं लावलंय का बघा.

शेपटीचाक

गणित चोख. +१

ढगातलामस्टँग

काऊल काढलं. आतल्या रिंगला शिशाच्या दोन पट्ट्या बोल्टने बसवलेल्या आहेत. दोन्ही मिळून ४५० ग्रॅम!

निम्माथ्रॉटल

आधीच्या मालकाने काहीतरी विचार करूनच लावलं असेल ना? नाक जड असलेलं बरं. निदान सुखरूप उतरतं.

शेपटीचाक

पहिल्या उड्डाणाला हे मान्य. कायमचं नाही. नाक जड असलं की शेपटीला सतत खाली ढकलत राहावं लागतं, आणि तेवढं जास्तीचं वजन पंखाने उचलायचं. परिणामी स्टॉलचा (पंखाची उचल सुटण्याचा) वेग वाढतो. उतरताना नाक धरून ठेवायला एलेव्हेटर अपुरा पडतो, म्हणून माणूस वेगाने उतरतो, विमान उसळतं, आणि शेवटी गवतात नाक घालतं. "सुखरूप" म्हणतात त्यातलं बरंचसं नुसतं वेगात उतरणं असतं.

शिशाचा हिशोब असा. सीजी १८ मिमी मागे न्यायचाय. ११६०० ग्रॅम गुणिले १८, भागिले शिशाचं नव्या सीजीपासूनचं अंतर. तुमच्या काऊलचा अंदाज घेऊन ४८० मिमी धरतो. उत्तर ४३५ ग्रॅम. म्हणजे कागदावर जवळजवळ सगळं शिसं निघतं. पण एकदम काढू नका. एक पट्टी काढा, सीजी नऊ मिमी मागे येईल, जवळपास पंचवीस टक्क्यांवर. उडवा, ट्रिम करा, मग पुढचं. आणि सीजी मागे आला की एलेव्हेटर तिखट होतो. थ्रो (हलत्या भागाची जास्तीत जास्त हालचाल) थोडा कमी करून जा.

ज्यांना उलट, नाकात वजन वाढवायची वेळ आली आहे त्यांच्यासाठी: आधी शेपटीत काय हलकं करता येतं ते बघा. स्पिटफायर, झिरोसारख्या आखूड नाकाच्या विमानांत शेपटीतले १० ग्रॅम नाकातल्या ३० ग्रॅमना भारी पडतात. शेपटीतले सर्व्हो पुढे आणता येतात, इग्निशनची बॅटरी फायरवॉलवर (इंजिनामागची भिंत) नेता येते. शिसं शेवटी.

बाल्साभुगा

आता आडव्या तोलाचं. उजवं चाक डाव्यापेक्षा २८० ग्रॅम जड आहे. मफलर उजवीकडे असणार. चाकांमधलं अंतर ७२० मिमीच्या आसपास असेल, म्हणजे मध्यापासून ३६०. २८० गुणिले ३६०, भागिले पंखाच्या टोकापर्यंतचं १०८० मिमी, म्हणजे ९३ ग्रॅम. डाव्या टोकात साधारण ९० ग्रॅम जाईल.

तुमच्या लूपचं आणि लँडिंगचं कोडं इथेच सुटतं बघा. सरळ उडताना उजवी बाजू जड, ती तुम्ही डाव्या एलरॉन ट्रिमने झाकली. लूपमध्ये जी (वळणात वाढणारा भार) वाढला की तो जडपणा कित्येक पटींनी जाणवतो, म्हणून उजवीकडे सरकतं. लँडिंगला वेग उतरला की ट्रिमचा जोर संपतो, वजन मात्र तेवढंच राहतं. त्यात डाव्या ट्रिममुळे उजवा एलरॉन खाली झुकलेला. खाली झुकलेल्या एलरॉनचा पंख टोकाला आधी स्टॉल होतो. एकाच पंखाला दोन्ही बाजूंनी मार.

वजन टोकाच्या आत, रिबला इपॉक्सीने आणि स्क्रूने. टेपने चिकटवू नका, आणि एलरॉनवर तर मुळीच नाही. फ्लटरला (वेगात होणारी बेकाबू थरथर) आमंत्रण.

आधी चाकांचे काटे अदलाबदल करून पुन्हा मोजा. जमीन तिरकी असेल तर हे आकडे फसवतात.

उलटीभरारी

वजन घालण्याआधी एलेव्हेटरचे दोन्ही भाग तपासा. या आकारात बहुधा दोन सर्व्हो असतात, प्रत्येक अर्ध्याला एक. मधोमध जुळलेले दिसतात, पण पूर्ण अप दिला की एक पुढे जातो, एक मागे राहतो. मागच्या कडेला पट्टी धरून पाव, अर्धा आणि पूर्ण थ्रोवर मोजा. दोन मिमीचा फरक लूपमध्ये चांगला जाणवतो. उजवा भाग जास्त वर जात असेल तर विमान उजवीकडेच वळणार, आणि तुम्ही डाव्या टोकात शिसं भरत बसाल.

जुळवताना सब-ट्रिमने (ट्रान्समीटरमधली मध्याची जुळवणी) नाही, हॉर्न आणि क्लेव्हिसने (पुशरॉडच्या टोकाची जोडणी) जुळवा. सर्व्होचा आर्म मध्यावर असताना पुशरॉडला काटकोनात हवा. तेवढं झाल्यावर शेवटचा केसभर फरक ट्रान्समीटरमध्ये.

ढगातलामस्टँग

काटे बदलून तेच आकडे. एलेव्हेटर मात्र उलटीभरारी म्हणतात तसाच निघाला. मध्यावर तंतोतंत, पूर्ण अपला उजवा भाग तीन मिमी जास्त. एका आर्मचं भोक बाहेरचं होतं. दुरुस्त केलं. शिशाची एक पट्टी काढली, डाव्या टोकात ६० ग्रॅम घातले. ९० घालायचा धीर झाला नाही.

कोरडीटाकी

६० ठीक आहे. लूप सांगेल बाकीचं.

निम्माथ्रॉटल

एवढं सगळं करण्यापेक्षा एक जायरो बसवा. टेकऑफची ओढ, पंख टाकणं, सगळं गायब. (हलकं घ्या, पण अर्धं खरं आहे.)

शेपटीचाक

जायरोला माझा विरोध नाही. क्रमाला आहे. ट्रिम नीट न झालेल्या विमानात जायरो बसवला की तो रोग झाकतो. उतरताना, वेग कमी असताना, एलरॉन आधीच त्याने वापरून टाकलेले असतात आणि तुमच्या हातात काही उरत नाही. विमान जायरोशिवाय नीट उडू द्या. मग वाऱ्याच्या दिवसासाठी खुशाल लावा.

टेकऑफच्या ओढीला मात्र इलाज तोल नाही. प्रोपेलरचा टॉर्क, त्याचा गोल फिरत शेपटीवर आदळणारा झोत, शेपूट खाली असताना पात्यांना मिळणारा असमान कोन, आणि शेपूट पटकन उचलली तर जायरोस्कोपिक धक्का, सगळे डावीकडेच ओढतात. म्हणून थ्रॉटल सावकाश, तीन-चार सेकंद घेऊन. सुरुवातीला थोडा अप धरून शेपटीचं चाक जमिनीला लावून ठेवा, वेग आला की सोडा, शेपूट आपोआप उठू द्या. उजवा रडर (शेपटीचा उभा हलता भाग) आधीपासून बोटात हवा. पुढच्या चाकांना किंचित टो-इन (चाकं पुढून आत वळलेली) आहे का तेही बघा.

(खऱ्या स्पिटफायरच्या वैमानिकांना मर्लिनवरून ग्रिफन इंजिनाच्या विमानावर जाताना पाय उलटा लावावा लागायचा. ग्रिफन उलट्या दिशेने फिरायचं, ओढ उजवीकडे.)

ढगातलामस्टँग

उडवलं! आज वारा जवळजवळ नव्हता.

पहिल्याच फेरीत फरक कळला. मैदानात उतरल्यावर एलेव्हेटर मोजला. आधी मागची कड चार मिमी वर असायची, आता दीड. एलरॉन ट्रिम जवळजवळ शून्य. थ्रॉटल उघडल्यावर अजून किंचित चढतं, पण पूर्वीसारखं नाही. लूप सरळ, अगदी थोडा उजवीकडे. दुसरी पट्टी काढू का?

उलटीभरारी

आधी डाइव्ह चाचणी करा. निम्म्या थ्रॉटलला सरळ ट्रिम करा, भरपूर उंचीवर थ्रॉटल कमी करून तीसेक अंशांचा सूर मारा आणि स्टिक सोडा. स्वतःहून सावकाश वर येत असेल तर छान. झटकन वर आलं तर नाक अजून जड आहे. आणखी खाली घुसू लागलं तर लगेच उचला, सीजी मागे गेलाय.

उलटं उडवून बघायची चाचणीही आहे, पण ती एरोबॅटिक विमानांच्या मापाने मोजू नका. वॉरबर्डच्या पंखाचा आकार वरखाली सारखा नसतो. उलटं असताना थोडा डाऊन धरावा लागणारच. अजिबात लागत नसेल तर उलट काळजी करा.

बाल्साभुगा

आणि स्टॉल. तीन-चार मजल्यांच्या नाही, चांगल्या उंचीवर. थ्रॉटल कमी, हळूहळू अप. आधी चाकं-फ्लॅप आत, मग दोन्ही बाहेर. कुठला पंख पडतो, दरवेळी तोच का, हे बघा. दरवेळी एकच पडत असेल तर इन्सिडन्स मीटर लावून दोन्ही पंखांची टोकं मोजा, वॉशआऊट (टोकाकडे पंखाचा कोन कमी करणारा पीळ) सारखा आहे का ते कळेल. खऱ्या स्पिटफायरचा पंख मुळाशी अधिक दोन अंशांपासून टोकाला उणे अर्ध्या अंशापर्यंत पिळलेला होता, तो उगाच नाही. कोर्सेअरचा डावा पंख आधी पडायचा, म्हणून उजव्या पंखाच्या पुढच्या कडेला छोटी पट्टी बसवून तोही तितकाच लवकर पडेल असं केलं. मी माझ्या मॉडेलवर तीच पट्टी लावली आहे. शोभेची नाही, उपयोगी पडते.

फ्लॅप दोन्ही सारखे उतरतात का, तेही पट्टीने मोजा. आणि सर्व्होचा वेग कमी करून तीन-चार सेकंदांत उतरू द्या.

ढगातलामस्टँग

डाइव्हमधून जरा पटकन वर येत होतं. दुसऱ्या पट्टीचा निम्मा तुकडा कापला, डावीकडे आणखी २० ग्रॅम घातले. आता सावकाश वर येतं. थ्रॉटल पूर्ण उघडला तरी नाक जवळपास जागेवर. एलेव्हेटर स्टॅबिलायझरच्या रेषेत. थ्रो सुरुवातीच्या तीन-चतुर्थांशावर आणून ठेवलाय, तरी फ्लेअरला (टेकण्याआधी नाक उचलायला) पुरतो. पूर्वी पूर्ण थ्रोही कमी पडायचा.

स्टॉल: नाक खाली टाकतं, पंख नाही. फ्लॅपसकट सुद्धा.

राहिलेल्या गोष्टी दोन. फ्लॅप उतरले की नाक वर येतं. आणि सरळ वर चढवलं की हळूहळू डावीकडे झुकतं.

शेपटीचाक

निम्माथ्रॉटल, आता काढा तुमचे वॉशर!

फ्लॅपचं आधी. हे विमानागणिक वेगळं असतं, काहींचं नाक खाली जातं. उंचीवर, लँडिंगच्या थ्रॉटलला, निम्मे फ्लॅप उतरवा आणि किती डाऊन धरावा लागतो ते बघा. तेवढा मिक्समध्ये घाला. मग पूर्ण फ्लॅपसाठी वेगळा पॉइंट ठेवा, कारण दुप्पट फ्लॅपला दुप्पट डाऊन लागतोच असं नाही. बहुतेकदा पहिल्या टप्प्यातच जास्त लागतो. आता सीजी जागेवर आहे म्हणून हा आकडा टिकेल. आधी केला असता तर प्रत्येक पट्टीमागे बदलावा लागला असता.

वर चढताना डावीकडे, म्हणजे राइटथ्रस्ट (इंजिनाचा उजवीकडे वळवलेला कोन) थोडा कमी. पण वारा नसतानाच तपासा, आणि पंख समपातळीत ठेवूनच वर खेचा, नाहीतर वेगळंच काही मोजाल.

निम्माथ्रॉटल

शेवटी आठवण झाली म्हणायची!

मोटर माउंटच्या डाव्या-उजव्या बोल्टांमधलं अंतर ६० मिमी असेल तर १ अंशाला साधारण १ मिमी जाडीचा वॉशर. इंजिनाचं तोंड मागून बघताना उजवीकडे वळवायचंय, म्हणजे डाव्या दोन बोल्टांमागे. आधी एकच अंश. इंजिन वळलं की स्पिनर काऊलच्या मध्यावरून उजवीकडे सरकतो. फट एका बाजूला दोन-तीन मिमीपेक्षा कमी राहिली तर काऊलच्या स्क्रूंची भोकं जरा लांबट करून काऊल सरकवा. पेट्रोल इंजिन सुरू होताना आणि बंद होताना भरपूर हलतं, स्पिनर घासला तर रंगकामाची वाट.

ढगातलामस्टँग

बोल्टांमधलं अंतर ६८ निघालं. म्हणजे १.२ मिमी. वॉशर मिळाले, रविवारी बसवतो. फोटो त्याच्या आधी टाकतो, नाहीतर निम्माथ्रॉटल सोडणार नाहीत.